छोटी ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही घ्यायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षं मी चारही चाकांना ताकद मिळणारी छोटी एसयूव्ही चालवते आहे. पहिली सेकंडहँड होती, आत्ताची नवी घेतली. त्यामुळे ओळखीत कुणाला अशी गाडी घ्यायची झाली की फोन मला येतो, आणि प्रश्न तेच तेच असतात. एकदाच काय ते लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप. यात माझी मतं आहेतच, पण अशा गाड्या वर्षानुवर्षं वापरणाऱ्या पंधरा-वीस जणांकडून ऐकलेलंही बरंच आहे. त्यांचं आपापसात पटत नाही. ते का पटत नाही हे कळलं, की निम्मी निवड झाली असं समजा.

मला ऑल-व्हील-ड्राइव्हची खरंच गरज आहे का?

मी उलट विचारते: गेल्या वर्षभरात असे किती दिवस आले, की चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी पुढे सरकलीच नाही? बोटांवर मोजून सांगा. बहुतेक जण इथे अडखळतात. मग म्हणतात, "तसं एकदाच झालं होतं, पण..." त्या 'पण'च्या पुढे बहुधा भीती असते, अनुभव नसतो.

ज्यांना ही गाडी मनापासून आवडते त्यांच्या आयुष्यात एखादी ठरलेली जागा असते. एकाच्या घरापर्यंत तीनशे मीटरचा कच्चा चढ आहे आणि तो दिवसातून दोनदा चढावाच लागतो. एक जण पहाटे, रस्त्यावरचं बर्फ हटवणारी यंत्रं यायच्या आधी, ड्यूटीवर निघते. एकाकडे बोट आहे आणि तिचा ट्रेलर शेवाळलेल्या उतारावरून पाण्याबाहेर ओढायचा असतो. यांना विचारलंत तर ते लगेच 'घ्याच' म्हणतील, आणि त्यांच्यापुरतं ते शंभर टक्के खरं आहे. कुरकुर करतो तो वर्षातून एकदा डोंगरात जाणारा. उरलेलं वर्ष तो साठ-सत्तर किलोचं जादा लोखंड घेऊन ऑफिसला जातो-येतो, त्याचं पेट्रोल भरतो, त्याचं तेल बदलतो.

माझा ढोबळ हिशोब असा: अडकायचे दिवस वर्षाला पाचांच्या आत असतील तर चांगले टायर घ्या आणि विषय संपवा. वीसच्या वर असतील तर गाडी घ्या, विचारत बसू नका. मधल्यांनी पुढचं वाचावं.

एकाच गाडीबद्दल मालकांची मतं इतकी उलटसुलट कशी? विश्वास कुणावर ठेवायचा?

गाडी घेऊन तीन महिने झालेला माणूस गाडीबद्दल बोलत नसतो, स्वतःच्या निर्णयाची वकिली करत असतो. त्याचं ऐका, पण मनावर घेऊ नका. तीन वर्षं झालेला, दुसऱ्यांदा टायर बदललेला, वॉरंटी संपलेला माणूस शोधा. त्याहून चांगला म्हणजे ज्याने ती गाडी विकली तो. त्याला आता कुणाला काही पटवून द्यायचं नसतं.

'गाडी कशी आहे?' असं कधीच विचारू नका. उत्तर 'मस्त' असंच येतं. मी तीन गोष्टी विचारते. टायर कुठले आहेत? शेवटची कधी फसली होती? रोज कशाचा वैताग येतो? पहिल्या प्रश्नावर जो "कंपनीचेच असतील, बघायला लागेल" म्हणतो, त्याचं गाडीच्या पकडीबद्दलचं मत मी बाजूला ठेवते. कारण 'ही गाडी बर्फात भारी' आणि 'ही गाडी बर्फात भिकार' ही दोन्ही मतं एकाच मॉडेलबद्दल मी ऐकली आहेत. एकाच्या गाडीला हिवाळी टायर होते, दुसऱ्याच्या गाडीला गुळगुळीत झालेले उन्हाळी. दोघंही मत गाडीबद्दल देत होते.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात उपयोगाची. डिकीचं दार उघडलं की वर साठलेलं पाणी थेट मानेवर येतं. मागच्या काचेचा वायपर अर्धीच काच पुसतो. लहान मुलाची सीट लावली की पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. जाहिरातीत हे कुठेच नसतं, आणि रोज मात्र याच्याशीच गाठ असते.

फोर बाय फोर, फोर-व्हील-ड्राइव्ह आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह एकच ना?

बोलताना एकच, गाडीखाली वेगवेगळं. ढोबळ तीन जाती आहेत.

पहिली जुनी, दणकट. सुझुकी जिमनीत असते ती. एरवी ताकद मागच्या चाकांना. दांडा ओढला की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना पक्की जोडली जातात. सोबत लो रेंज, म्हणजे मुंगीच्या पावलाने पण बैलाच्या जोराने जायचा गिअर. हे चिखल-दगडासाठी आहे. कोरड्या डांबरावर हे जोडून ठेवायचं नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा घेर काढतात, त्यांना जास्त फिरायचं असतं, आणि मधे पक्की जोडणी असल्याने फिरता येत नाही. मग शाफ्टला, म्हणजे ताकद चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या नळीला, पीळ बसतो. वळणावर गाडीला मागून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटतं, टायर कुरकुरतात. तरीही चालवत राहिलात तर महागातलं काहीतरी तुटतं.

दुसरी कायम चारही चाकांना ताकद देणारी. सुबारूची ओळख हीच. १९७२ मध्ये त्यांनी लिओनीची फोर-व्हील-ड्राइव्ह स्टेशन वॅगन आणली, तेव्हा ती हवी तेव्हा जोडायची होती. कायम चालणारी पद्धत नंतर आली. पक्क्या रस्त्यावरच्या वेगवान गाडीतही चारही चाकं कामाची, हे १९८०च्या ऑडी क्वात्रोने दाखवून दिलं.

तिसरी 'लागेल तेव्हा' पद्धतीची, आणि आजच्या छोट्या एसयूव्हींमध्ये हीच सगळ्यात जास्त. एरवी गाडी पुढच्या चाकांवर चालते. मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) तोंडाशी चकत्यांचा एक क्लच असतो. कॉम्प्युटरने दाबला की ताकद मागे जाते, सोडला की थांबते. टोयोटा आरएव्ही४ १९९४ ला आणि होंडा सीआर-व्ही १९९५ ला बाजारात आल्या, कारच्या सांगाड्यावर एसयूव्हीचं अंग चढवून. तिथून ही सगळी जमात वाढली.

मग ही 'लागेल तेव्हा'वाली पद्धत दिखाऊच म्हणायची का?

नाही. पण तिचा स्वभाव ओळखून घ्यावा लागतो. एका लग्नानंतर आम्ही उतारावरच्या ओल्या गवतात गाडी लावली होती. रात्री निघताना गाडीत चौघं. ॲक्सिलरेटर दिला तशी पुढची चाकं सर्रकन फिरली, गवत आणि माती उडून दारावर आली. साधारण अर्धा सेकंद असेल. मग मागून हलकासा 'धप्' झाला, सीटला खालून कुणी कोपराने ढोसावं तसा, आणि गाडी सरळ वर निघाली. शेजारी लावलेली पुढच्या चाकांवर चालणारी गाडी चौघांनी ढकलून काढावी लागली.

तो अर्धा सेकंद हाच सगळा वाद आहे. जुन्या गाड्यांत तो ठळक जाणवायचा. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चाक घसरायची वाट बघत नाही. सुरुवातीलाच, चढावर, स्टिअरिंग वळवल्यावर थोडी ताकद आधीच मागे पाठवतो. ओल्या रस्त्याला, खडीला, वीतभर बर्फाला हे पुरतं. वाळूत पंधरा मिनिटं इंजिन घुमवत राहिलात तर तो क्लच तापतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मागची चाकं रजेवर जातात. थंड होईपर्यंत तुम्ही पुन्हा पुढच्या चाकांवर. यात गाडी बिघडलेली नसते, ती स्वतःला वाचवत असते.

हायब्रिडमध्ये मागे नुसती मोटर असते. ते चालतं का?

चालतं, फक्त मागच्या चाकांना फिरवणारी विजेची मोटर केवढी आहे ते बघा. २०१९ च्या पिढीतल्या आरएव्ही४ हायब्रिडला पुढून मागे जाणारा शाफ्टच नाही. मागच्या चाकांना ४० किलोवॅटची वेगळी मोटर आहे, आणि रोजच्या घसरणीला ती भरपूर होते. उलट त्याच वर्षीच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह प्रियसची मागची मोटर ५.३ किलोवॅटची, आणि ताशी ७० किलोमीटरपर्यंतच हातभार लावणारी. गाडी जागेवरून हलवायला ती पुरते, त्यापुढे तिच्याकडून अपेक्षा नको. दोन्हींच्या पाठीवर बिल्ला मात्र सारख्याच अर्थाचा.

मिठाचा मारा असलेल्या रस्त्यांवर किंवा समुद्राकाठी राहणाऱ्यांनी एक करावं: गाडी लिफ्टवर चढली की मागच्या मोटरकडे जाणाऱ्या जाड नारिंगी केबलचा जोड बघून घ्यावा. तिथे हिरवट-पांढरं काही दिसलं तर वॉरंटी शिल्लक असतानाच दाखवावं.

टायर महत्त्वाचे की ऑल-व्हील-ड्राइव्ह?

टायर. यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

ऑल-व्हील-ड्राइव्ह एकच काम करतं: इंजिनची ताकद जास्त चाकांत वाटतं. गाडी निघते आणि चढते, ते त्याच्यामुळे. वळायला आणि थांबायला रबर लागतं, आणि रबर प्रत्येक चाकाखाली तळहाताएवढंच टेकलेलं असतं. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर त्या थंडीतही लवचीक राहतं आणि त्याच्या बारीक चिरा बर्फ धरतात. टायरच्या कडेला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चित्र असेल, तर तो बर्फावरच्या चाचणीत पास झालेला टायर. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर ती कंपनीने स्वतःच केलेली घोषणा आहे, त्यामागे तशी चाचणी लागत नाही.

घसरड्या थंडीत पुढच्या चाकांवर चालणारी, चारही हिवाळी टायर लावलेली साधी कार ही उन्हाळी टायरवरच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्हीपेक्षा लवकर थांबते. चढावरून निघताना कदाचित ती मागे पडेल. पण निघता न आल्याने कुणी खड्ड्यात जात नाही; थांबता न आल्याने जातं.

म्हणून शोरूममध्ये मोठ्या चकचकीत रिमचं मॉडेल दाखवतात तेव्हा जरा थांबा. रिम मोठी म्हणजे टायरची भिंत बुटकी, खड्ड्यात दणका जास्त आणि टायर महाग. माझ्या ऐकण्यातले जवळजवळ सगळे जुने मालक पुढच्या वेळी लहान रिम घेणार म्हणतात. अशा एकमताचा दुसरा मुद्दा मला आठवत नाही.

एकच टायर फाटला तर चारही बदलावे लागतात, ही अफवा आहे का?

अफवा नाही. हिशोबच करून दाखवते. २२५/६५ आर १७ मापाच्या नव्या टायरचा व्यास साधारण ७२४ मिलिमीटर. नक्षी ४ मिलिमीटर झिजली की व्यास ८ मिलिमीटरने कमी. म्हणजे झिजलेला टायर दर किलोमीटरला नव्यापेक्षा पाचेक फेरे जास्त मारतो. तासाभराच्या प्रवासात हे फेरे शेकड्यांवर जातात, आणि तो सगळा फरक पुढच्या-मागच्या चाकांमधल्या क्लचला किंवा डिफरन्शियलला रात्रंदिवस गिळावा लागतो. कॉम्प्युटरलाही चाक घसरतंय असं वाटू शकतं. चार टायरांच्या घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, असं सुबारू सांगत आली आहे. वरच्या उदाहरणात घेराचा फरक २५ मिलिमीटर होतो.

मी ही चूक केलेली आहे. पहिल्या गाडीला पैसे वाचवायला मागचे दोनच टायर नवे टाकले. दोन-तीन आठवड्यांत पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेताना मागून घरंगळल्यासारखा आवाज यायला लागला. गॅरेजवाल्याने काही उघडलं नाही. खिशातून नक्षीची खोली मोजायची छोटी पट्टी काढली, पुढे घातली, मागे घातली, आणि दोन्ही वेळा अंगठ्याने धरून मला नुसती दाखवली. पुढे ३, मागे ८. उरलेले दोन टायर त्याच दिवशी घेतले.

यातून वाट आहे. टायर अजून बरेच नवे असतील तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एक टायर चालून जातो. काही देशांत नवा टायर यंत्रावर तासून बाकीच्यांच्या मापाचा करून देतात. आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढे-मागे फिरवले तर चारही एका वेळी झिजतात. अनेक देशांत नक्षीची कायदेशीर किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. पाण्यात आणि बर्फात त्याच्या बऱ्याच आधी टायर निरुपयोगी झालेला असतो.

ऑल-व्हील-ड्राइव्हने ब्रेक चांगले लागतात का?

नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. उलट निघताना घसरण जाणवत नाही म्हणून रस्ता किती निसरडा आहे ते ब्रेक मारेपर्यंत कळत नाही.

ग्राउंड क्लिअरन्स किती हवा?

म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांच्यातलं अंतर. छापलेला आकडा अर्धं सांगतो. सुबारू फॉरेस्टर आणि क्रॉसट्रेकला २२० मिलिमीटर आहे, जिमनीला २१०. आकड्यावरून फॉरेस्टर पुढे. पण खड्ड्यात उतरायची वेळ आली की जिमनी सुखरूप निघते आणि लांब गाडीचं नाक खरवडतं. कारण चाकाच्या पुढे आणि मागे गाडी किती बाहेर आलेली आहे, आणि दोन चाकांच्या मधलं पोट किती लांब आहे, यावर सगळं असतं. पुढचा बंपर खालून कापल्यासारखा वर गेलेला असेल तर चांगलं.

वाकून गाडीखाली बघायला लाजू नका. सगळ्यात खाली काय लोंबतंय? प्लॅस्टिकचं आवरण असेल तर ते पहिल्याच दगडाला जाईल, फार बिघडत नाही. सायलेन्सर असेल तर जपून. आणि पाच माणसं नि सामान भरल्यावर मागची बाजू बसते, तेव्हा कागदावरचा आकडा तेवढा राहत नाही.

स्नो, मड, सँड अशी बटणं कामाची असतात का?

थोडीफार. बहुतेक वेळा ती ॲक्सिलरेटर मऊ करतात, गिअर वेगळे टाकतात आणि घसरणाऱ्या चाकाला ब्रेक कधी लावायचा ते बदलतात. नवं लोखंड काही जोडलं जात नाही. 'लॉक' लिहिलेलं बटण मात्र समजून घ्या: ते क्लच आधीच दाबून ठेवतं, आणि अनेक गाड्यांत ठरावीक वेगाच्या वर आपोआप सुटतं. खोल वाळूत किंवा भुसभुशीत बर्फात ट्रॅक्शन कंट्रोल (घसरणाऱ्या चाकाला आवरणारी यंत्रणा) बंद करायचं बटण जास्त कामाला येतं, कारण तिथे चाकं थोडी फिरायलाच हवीत. घरी बसून मॅन्युअलमधलं ते पान एकदा वाचा. फसल्यावर अंधारात वाचता येत नाही.

लोक कुठल्या गाडीबद्दल काय म्हणतात?

ऐकलेलं सांगते, क्रम लावत नाही. देशागणिक इंजिन आणि नावं बदलतात, तेवढं धरून चला.

फॉरेस्टरवाले सगळ्यात आधी काचांबद्दल बोलतात. खिडक्या मोठ्या, खांब बारीक, चौकात वळताना माणूस दिसतो. तक्रार पिकअपची आणि सीव्हीटीच्या, म्हणजे पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या, एकसुरी घोंघावण्याची. आरएव्ही४ हायब्रिडवाले मायलेजचे फोटो दाखवतात आणि 'काही करावंच लागत नाही' म्हणतात. चढावर जोर दिला की इंजिन ओरडतं, हेही तेच सांगतात. सीआर-व्हीवाल्यांचं प्रेम जागेवर. मागे तिघं खरोखर बसतात, मुलांची सीट लावताना कंबर मोडत नाही. माझदा सीएक्स-५ ज्यांना गाडी चालवायला आवडते त्यांची. मागे बसणाऱ्यांना मात्र विचारून घ्या, जागा तुलनेने आवळ आहे.

डस्टर फोर बाय फोरचे मालक ही वेगळीच जमात. लो रेंज नाही, पण सहा गिअरच्या मॅन्युअल गाडीत पहिला गिअर मुद्दाम इतका बुटका ठेवला होता, की इंजिनच्या हजार फेऱ्यांना गाडी ताशी जेमतेम सहा किलोमीटर जाते. खडकाळ उतारावर ब्रेकवरचा पाय काढून नुसतं सोडून द्यायचं. त्याबदल्यात आतल्या कडक प्लॅस्टिकला ते हसून माफ करतात. रस्त्यावर मात्र हेच लोक दुसऱ्या गिअरवर निघतात.

आणि जिमनी. तीन दारांच्या जिमनीत मागची सीट उभी असताना डिकी ८५ लिटर. दोन पिशव्या. हायवेवर वाऱ्याचा आवाज, पोटात डुलणं. तरी मालक सोडायला तयार नसतात. यांचं मत विचारून आपल्या कुटुंबासाठी गाडी घेऊ नका. ते प्रेमात आहेत. आम्हीही एकदा त्या मोहात पडलो होतो, सामानासकट टेस्ट ड्राइव्हला गेलो आणि शहाणे होऊन परतलो.

मायलेज किती पडतं?

त्याच इंजिनच्या दोन चाकांच्या गाडीपेक्षा थोडं कमी. वजन जास्त आणि शाफ्ट फिरवायचा, त्यामुळे लिटरमागे साधारण एखादा किलोमीटर जातो. गर्दीत जास्त टोचतं. काही नव्या गाड्या गरज नसताना शाफ्टच सोडवून ठेवतात, त्यांत फरक आणखी कमी. मायलेजपायी ऑल-व्हील-ड्राइव्ह नाकारण्यात फारसा अर्थ नाही, टायर आणि सर्व्हिसिंगपायी नाकारलंत तर मला पटेल.

देखभाल खर्चीक असते का?

खर्चीक नाही, विसरण्याजोगी असते, आणि म्हणून खर्चीक होते. इंजिन ऑइल सगळे बदलतात. मागच्या डिफरन्शियलचं तेल आणि मधल्या क्लचचं तेल मात्र यादीत असूनही राहून जातं, कारण न बदलल्याने दोन-चार वर्षं काहीच होत नाही.

ओळखीतल्या एकाच्या गाडीचं सांगते. तिच्यात हॅल्डेक्स पद्धतीचा क्लच होता. मूळ स्वीडिश कंपनीची ही पद्धत १९९८ पासून बऱ्याच युरोपीय गाड्यांत येत आली आहे. गाडी सात वर्षांची, सगळे शिक्के वेळच्या वेळी, आणि तरी चढावर पुढची चाकं नुसती फिरायची. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. मेकॅनिकने मागचा छोटा पंप सोडवला आणि त्याच्या तोंडावरची जाळी फडक्यावर ठेवली. जाळी दिसतच नव्हती. ओल्या सिमेंटसारखा करडा लगदा बसला होता. क्लचच्या चकत्यांची झीज तेलात उतरून तिथे साठलेली. पंपाला तेल मिळेना, दाब तयार होईना, मागची चाकं कित्येक महिने नुसती मागे मागे येत होती. त्यात तेल लिटरभरही नसतं. तेल बदललं, जाळी धुतली, गाडी पूर्ववत. कागदावर दर तीन वर्षांनी तेल बदला एवढंच होतं. जाळीचा उल्लेख नव्हता आणि कुणी ती काढलीही नव्हती.

तेव्हा घेण्याआधीच विचारा: या गाडीत मागचं तेल कधी बदलायचं, आणि पंपाची जाळी असेल तर ती काढून साफ करता का? समोरचा माणूस गोंधळला तर दुसरं गॅरेज शोधा.

सेकंडहँड घेताना काय बघू?

आधी चारही टायर. एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, सारखे झिजलेले असतील तर मालक जाणकार होता. चार चाकांना चार कंपन्या असतील तर मी पुढचं बघतही नाही.

मग कोरड्या मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा, दोन्ही दिशांना. गाडी अडखळली, मागून कटकट किंवा थरथर आली, तर मधला भाग पिळला जातोय. खाली वाकून मागच्या डिफरन्शियलभोवती तेलाचा ओघळ बघा. साठ-सत्तरच्या वेगात रेडिओ बंद करून कान द्या. वेगाबरोबर चढत जाणारी हूं हूं बेअरिंगची असते किंवा डिफरन्शियलची. शेवटी ओल्या मातीच्या चढावर एकदा निघून बघा. विकणारा 'तिकडे कशाला नेताय' म्हणाला तर उत्तर मिळालंच.

गाडी बंद पडली तर टो कशी करायची?

चारही चाकं वर, म्हणजे सपाट ट्रकवर चढवून. दोन चाकं उचलून दोन जमिनीवर फरफटत नेली तर क्लच किंवा गिअरबॉक्स जाऊ शकतो. टोइंगवाल्याला फोनवरच सांगा, आल्यावर नको.

बर्फाच्या साखळ्या कुठल्या चाकांना लावायच्या?

मॅन्युअल म्हणेल त्या. बहुतेक छोट्या एसयूव्हींत पुढच्या चाकांना, पण काही मॉडेलांत ठरावीक मापाच्या रिमवर साखळी चालतच नाही, आतल्या भागाला घासते. घरासमोर कोरड्यात एकदा लावून बघा. पहिल्या वेळी मला चाळीस मिनिटं लागली होती.

टेस्ट ड्राइव्हमध्ये ऑल-व्हील-ड्राइव्ह कसं तपासणार? रस्ता तर कोरडाच असतो.

नाहीच तपासता येत, आणि विक्रेत्यालाही ते माहीत असतं. तेव्हा त्या अर्ध्या तासात बाकीचं तपासा. घरातलं सगळ्यात उंच आणि सगळ्यात लहान माणूस बरोबर न्या. रोज वाहता ते सामान डिकीत भरून बघा. स्टेपनी पूर्ण मापाची आहे, बारकी आहे की नुसती पंक्चरची बाटली आहे, ते फरशी उचलून बघा. कच्च्या रस्त्याला जाणाऱ्याने बाटलीवर भिस्त ठेवू नये. रात्री एक फेरी मागा, हेडलाइट दिवसा कळत नाहीत.

यंत्रणा कशी आहे हे बघायचं असेल तर त्या मॉडेलच्या रोलर चाचणीचा व्हिडिओ शोधा. तीन चाकांखाली रोलर ठेवतात, पकड फक्त एकाला. काही गाड्या दोन सेकंदांत उतरून येतात, काही नुसत्या घुमत राहतात. दोन्हींच्या माहितीपत्रकात वाक्यं तीच असतात.

तुम्ही पुन्हा ऑल-व्हील-ड्राइव्हच घ्याल का?

दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर हो म्हणाले असते. मग आम्ही घर बदललं; आता दारापर्यंत डांबर आहे आणि सकाळी रस्ता साफ झालेला असतो. गेल्या हिवाळ्यापासून गाडीत एक वही ठेवली आहे. ज्या दिवशी मागची चाकं खरोखर कामाला आली असं वाटतं, त्या दिवशी तारीख टाकते. आत्तापर्यंत चार तारखा आहेत, आणि त्यातली एक त्याच ओल्या गवताच्या मैदानातली, आणखी एका लग्नाच्या वेळची.